विहिरीतला पट्टीचा पोहणारा तलावात का दमतो? फ्रीस्टाइल सुधारायचे ड्रिल आणि सेट

(ऐकण्याऐवजी वाचणाऱ्यांसाठी या भागाचं थोडं आवरून-सावरून लिहिलेलं रूप)

[००:००] सुरुवात

छत्रपती संभाजीनगरात एप्रिलचं ऊन तापायला लागलं की दोन ठिकाणी गर्दी वाढते. एक रसवंतीवर आणि दुसरी तलावावर. सिद्धार्थ उद्यानातल्या महापालिकेच्या तलावापासून ते कॉलेजांच्या आणि क्लबांच्या तलावांपर्यंत सगळीकडे नवीन बॅच भरतात. आणि दरवर्षी त्या बॅचमध्ये एक पोरगा हमखास असतो, जो सांगतो, "मला येतं पोहता, मी गावाकडं विहिरीत शिकलोय."

तो पोरगा एके वर्षी मी होतो.

आमचं गाव फुलंब्री तालुक्यातलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामानं पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधला आणि दिलं विहिरीत ढकलून. चार दिवसांनी डबा सुटला. दहा दिवसांनी मी थारोळ्यावरून सूर मारत होतो, मुटका मारून काठावरच्यांना भिजवत होतो. गावात आपण पट्टीचे पोहणारे!

मग कॉलेजसाठी शहरात आलो, तलावाचा पास काढला. पहिल्याच दिवशी ऐटीत सूर मारला, दणादण हात मारत निघालो आणि अर्ध्यातच छाती फुटायची वेळ आली. लेनची दोरी धरून लटकलो. शेजारच्या लेनमधून आठ-नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या बाजूनं गेली. पाण्याचा आवाज नाही, धाप नाही. गेली, वळली, परत आली. मी अजून दोरीलाच होतो.

काठावरचे सर हसले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाळा, तू पोहत नाही, पाणी हाणू राहिला."

आजचा भाग त्या एका वाक्यावर आहे. तुम्ही पन्नास मीटरमध्ये दमत असाल तर बहुतेक वेळा कमी ताकद हे कारण नसतं. कारण दोन असतात: श्वास आत कोंडलेला असतो आणि पाय खाली बुडालेले असतात. ही दोन कामं आधी केली की हात, पाय, वेग हे सगळं पुढं जमत जातं. क्रम उलटा केला तर वर्षभर नुसतं पाणी हाणत राहाल. मी हाणलंय, म्हणून सांगतो.

[०३:१०] विहीर आणि तलाव यांत फरक काय?

विहिरीत आपण मान वर ठेवून पोहतो, आणि तिथं ते बरोबरच असतं. वरून कोण उडी मारतंय ते बघावं लागतं, कपार कुठं आहे ते दिसावं लागतं. शिवाय दहा-बारा हात मारले की समोरची भिंत येते. लांब जायचा प्रश्नच नसतो.

तलावात अंतर कापायचं असतं, आणि तिथं पाणी हिशोब मागतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट दाट असतं. त्यातही गंमत अशी की वेग दुप्पट केला तर पाण्याचा विरोध दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतो. त्यामुळे जोर लावून पुढं जायचा सौदा महागात पडतो. विरोध कमी करणं स्वस्त पडतं.

विरोध वाढतो कुठून? आपल्या शरीरात तरंगणारा भाग म्हणजे छाती, कारण तिथं फुप्फुसांत हवा आहे. पाय जड, ते खाली जायला बघतात. आता यात मान वर काढली की शरीराचा सी-सॉ होतो: डोकं वर, कंबर खाली. डोक्याचं वजन चार-पाच किलो असतं. ते पाण्याबाहेर धरून ठेवायचं तर पाण्याचा आधार सुटतो, आणि त्याची भरपाई कंबर बुडवून होते. मग तुम्ही आडवे पोहत नाही, तिरके पोहता. दार सपाट न्यायच्या ऐवजी उभं धरून वाऱ्यात चालल्यासारखं.

सगळ्यात वरच्या पातळीवर तर हा हिशोब केसाच्या अंतरावर येतो. आपल्या कोल्हापूरचा वीरधवल खाडे २०१८ मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहला. हीटमध्ये त्याची वेळ होती २२.४३ सेकंद, तो राष्ट्रीय विक्रम ठरला. फायनलमध्ये आली २२.४७, आणि कांस्यपदक हुकलं एका शतांश सेकंदानं. सकाळची वेळ संध्याकाळी आली असती तर पदक गळ्यात असतं. तुम्हाला-मला शतांश मोजायचा नाही. पण जिथं एवढी ताकद असलेली माणसं शतांशानं हरतात, तिथं डोकं कसं ठेवायचं ही बारीक गोष्ट नसते, एवढं लक्षात घ्या.

[०६:४०] पहिलं काम: श्वास सोडा

नवशिका माणूस काय करतो? तोंड पाण्यात गेलं की श्वास धरून ठेवतो. मग तोंड बाहेर आलं की त्या पाव-अर्ध्या क्षणात आधी सोडायचा आणि मग घ्यायचा. दोन्ही होत नाही. आत कार्बन डायऑक्साइड साठतो. "आता श्वास घे" ही जी घाबरवणारी उबळ येते ना, ती मुख्यतः त्या साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे येते. म्हणजे छातीत हवा भरलेली असते आणि तरी जीव गुदमरतो.

उपाय साधा आहे. पाण्यात तोंड असेल तेवढा वेळ नाकातोंडातून बुडबुडे. सतत, हळू, गुणगुणल्यासारखे. तोंड बाहेर आलं की फक्त घ्यायचं.

ड्रिल १, बुडबुडे: छातीएवढ्या पाण्यात उभे राहा. खाली बसा, बुडबुडे सोडा, वर या, श्वास घ्या, लगेच परत खाली. मध्ये थांबायचं नाही. १० वेळा, असे ३ सेट. पहिल्या दिवशी पाचव्यालाच घाई होते. आठवडाभरात ती घाई गेली पाहिजे. ती जाईपर्यंत पुढच्या ड्रिलकडे पळू नका.

इथं एक गोष्ट नीट ऐका. मित्रामित्रांत "पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो" अशा पैजा लावू नका. आणि बुडी मारायच्या आधी भराभर दीर्घ श्वास घेऊन तर मुळीच नाही. त्यानं कार्बन डायऑक्साइड आधीच उतरतो, ती घाबरवणारी उबळ येतच नाही, आणि माणूस काही न कळता पाण्याखाली बेशुद्ध होतो. चांगले पोहणारेही यात गेले आहेत.

[०९:२०] दुसरं काम: अंगाची रेघ

ड्रिल २, ढकल आणि सरक: दोन्ही हात डोक्यावर लांब, एका तळव्यावर दुसरा तळवा, दंड कानाला चिकटलेले. भिंतीला पायानं ढकला आणि काहीही न करता सरकत राहा. नजर तळाच्या टाइलवर. किती लांब गेलात ते बघा. आता हाच प्रकार मान वर काढून करा. अंतर लगेच कमी झालेलं दिसेल. मला कुणी शंभरदा सांगून पटलं नसतं ते या एका प्रयोगात पटलं.

पाय खालीच जात असतील तर छाती पाण्यात किंचित दाबा. हवेनं भरलेला फुगा दाबल्यासारखं वाटेल, आणि कंबर आपोआप वर येईल.

ड्रिल ३, साइड किक: एका कुशीवर झोपल्यासारखं पाण्यात राहायचं. खालचा हात पुढं लांब, वरचा हात मांडीवर, पाय हलके चालू. चेहरा खाली, श्वास लागला की चेहरा फक्त कुशीकडे वळवायचा. एक गॉगल पाण्यात, एक बाहेर. दोन्ही गॉगल बाहेर आले तर समजा मान उचलली.

जमलं की यात भर घाला: एका कुशीवर सहा किक, मग तीन हात, मग दुसऱ्या कुशीवर सहा किक. याला ६-३-६ म्हणतात. फ्रीस्टाइल पोटावर सपाट पडून पोहत नाहीत, या कुशीवरून त्या कुशीवर लोळत पोहतात, हे अंगात भिनवणारं ड्रिल हेच. श्वासासाठी वेगळी मान वळवावी लागत नाही. अंग लोळतं त्याबरोबर तोंड बाहेर येतं.

[१२:४५] तिसरं काम: हात

आता हातांकडे. विहिरीतला हात पाण्यावर थापटी मारतो आणि पाणी खाली दाबतो. पाणी खाली दाबलं की आपण वर उचलले जातो, पुढं जात नाही. पुढं जायचं तर पाणी मागं ढकलावं लागतं.

त्यासाठी हात पुढं पाण्यात शिरला की आधी बोटं तळाकडे वळवायची, कोपर वरच ठेवायचं. पोट टेकून पिंपावरून पलीकडे हात घातल्याची कल्पना करा. तळव्यापासून कोपरापर्यंतचा सगळा भाग एक वल्हं होतो. मग ते वल्हं मागं, मांडीपर्यंत. अर्ध्यात कमरेपाशी हात बाहेर काढू नका, शेवटचा धक्का तिथंच असतो.

ड्रिल ४, मूठ: मुठी आवळून पोहा. तळवा गेला की पहिल्यांदा काही पकडच लागत नाही. मग हळूहळू कोपराखालचा भाग पाणी धरायला शिकतो. २५ मीटरचा अर्धा भाग मुठीनं, उरलेला उघड्या हातानं. हात उघडला की परात लावल्यासारखं वाटेल.

ड्रिल ५, बोटं घासत: हात पुढं आणताना बोटांची टोकं पाण्यावर घासत न्यायची. त्यामुळे कोपर उंच राहतं, हात ढिला राहतो आणि खांद्यावरचा ताण कमी होतो. खांदा दुखतो म्हणून पोहणं सोडणारे खूप आहेत. त्यांनी हे रोज करावं.

ड्रिल ६, कॅच-अप: एक हात पुढं थांबतो, दुसरा पूर्ण फेरी मारून त्याला येऊन भेटतो, मग पहिला निघतो. घाई मोडायला उत्तम. पण एक धोका सांगतो: हे ड्रिल इतकं आरामशीर वाटतं की लोक कायम असंच पोहायला लागतात. मग प्रत्येक हातानंतर गाडी थांबते आणि परत सुरू होते. ड्रिल हे औषध आहे, जेवण नाही. दोन-चार लांब्या करा, लगेच साधं पोहा.

[१६:३०] आणि पाय?

पाय जोरात मारले की वेग येतो, असं सगळ्यांना वाटतं. पायांचे स्नायू मोठे, ऑक्सिजन भरपूर खातात. लांब पोहताना त्यांचं मुख्य काम कंबर वर धरणं आणि लोळण्याची लय सांभाळणं एवढंच. पुढं नेण्याचं जास्त काम हातांचं असतं.

सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर आठवा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलं. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला पॅरालिम्पिकमधलं पहिलं सुवर्ण मिळवून दिलं. तरुण मंडळींना ते 'चंदू चॅम्पियन' या सिनेमामुळे माहीत झाले. दोन्ही पाय धडधाकट असून "माझी किकच कमजोर आहे हो" असं म्हणायची वेळ आली की मी त्यांचं नाव आठवतो.

किकची चूक एकच बघा: गुडघ्यातून सायकल मारताय का? किक मांडीच्या वरून, खुब्यातून निघाली पाहिजे. गुडघा थोडासाच वाकतो, घोटा ढिला, अंगठे मागं ताणलेले. पळणाऱ्या आणि फुटबॉल खेळणाऱ्यांचे घोटे आखडलेले असतात, त्यामुळे किक मारूनही ते जागचे हलत नाहीत. घरी टीव्ही बघताना पावलं मागं ताणून बसा, फायदा होतो.

[१९:००] सेट म्हणजे काय, आणि कसा वाचायचा?

बऱ्याच जणांचं पोहणं असं असतं: उडी मारली, जमेल तेवढं गेलो, काठ धरला, गप्पा, परत तेच. यात सुधारणा होत नाही, कारण दमल्यावर तंत्र बिघडतं आणि आपण बिघडलेल्याचीच तालीम करत राहतो. सेटचा उपयोग इथं आहे. अंतर लहान, विश्रांती ठरलेली, म्हणजे प्रत्येक लांबी नीट पोहता येते.

"८ × ५०, विश्रांती २० सेकंद" म्हणजे पन्नास मीटर आठ वेळा, दर वेळी भिंतीला वीस सेकंद थांबून. एवढंच. पाऊण तासाच्या बॅचमध्ये बसतील असे आठवड्याचे तीन दिवस सांगतो. न थांबता ५० मीटर कसंबसं जमतं, अशा माणसासाठी हे आहेत.

दिवस पहिला, तंत्र (१००० मीटर)
• आरामात ४ × ५०
• ड्रिल ८ × २५: दोन साइड किक, दोन ६-३-६, दोन मूठ, दोन बोटं घासत
• ८ × ५०, विश्रांती २० सेकंद, प्रत्येक लांबीला हात मोजा
• किक ४ × २५
• सावकाश १००

दिवस दुसरा, दम (१०५० मीटर)
• आरामात ४ × ५०
• ४ × ५०: जाताना ड्रिल, येताना साधं
• चढ-उतार: ५०, १००, १५०, १००, ५०, मध्ये ३० सेकंद
• किक ४ × २५
• सावकाश १००

दिवस तिसरा, वेग (८०० मीटर)
• आरामात ४ × ५०
• ड्रिल ४ × २५
• ८ × २५ जोरात, मध्ये ४० सेकंद
• ४ × ५०: पहिले २५ हळू, नंतरचे २५ जोरात
• सावकाश १००

१५० जमलं नाही तर १०० करा. जोराच्या लांबीत हात थापटायला लागले तर थांबा, वेग कमी करा. बिघडलेल्या हातानं मारलेले दोनशे मीटर वहीत लिहायचे नाहीत.

[२३:१५] सुधारतोय हे कळणार कसं?

घड्याळ नसलं तरी चालेल, हात मोजा. २५ मीटरला किती हात लागले? समजा २८ लागले. महिनाभरात त्याच वेळेत २४ झाले तर प्रत्येक हात जास्त अंतर नेतोय. "त्याच वेळेत" हे महत्त्वाचं आहे, कारण नुसतं सरकत बसूनही हात कमी होतात. म्हणून हात आणि सेकंद यांची बेरीज ठेवा: २८ हात, ३२ सेकंद, बेरीज ६०. ही बेरीज खाली आली पाहिजे. बऱ्याच स्मार्टवॉचमध्ये हीच गोष्ट 'स्वोल्फ' नावानं दिसते. मित्राच्या बेरजेशी तुलना नको, उंचीप्रमाणं ती बदलते. कालच्या स्वतःशी तुलना करा.

आणि ४०० मीटर जमायला लागलं की एक हिशोब करता येतो. एका दिवशी ४०० मीटर आणि २०० मीटर, दोन्हींची पूर्ण जोर लावून वेळ घ्या, मध्ये चांगली विश्रांती. दोन वेळांची वजाबाकी करून निम्मी करा. समजा ४०० ला १० मिनिटं आणि २०० ला ४ मिनिटं ४० सेकंद. फरक ३२० सेकंद, निम्मे १६०. म्हणजे १०० मीटरला २ मिनिटं ४० सेकंद हा तुमचा टिकणारा वेग. दम वाढवायचे सेट त्याच्या आसपास पोहायचे.

[२५:५०] तुमचे प्रश्न

"लेनमध्ये गर्दी असते, ड्रिल कसं करू?" बुडबुडे आणि ढकल-सरक कडेच्या उथळ भागात होतात. साइड किकला एकाच माणसाची रुंदी लागते. बाकी बॅचची शेवटची दहा मिनिटं गाठा, लोक निघालेले असतात.

"एकाच बाजूला श्वास घेतो, चालेल का?" शर्यतीत चालेल. सरावात मात्र जाताना डावीकडून, येताना उजवीकडून घ्या. नाहीतर अंग एकाच बाजूला लोळायची सवय लागते आणि एका खांद्यावर भार येतो.

"पाणीटंचाईत तलाव बंद झाला तर?" आपल्या शहराला हा प्रश्न नवीन नाही. नळाची वाट बघत दिवस मोजणाऱ्या गावात तलावभर पाणी ही चैन आहे, हे विसरू नका. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ करा, तलावाला तलावच राहू द्या, कळलं ना मी काय म्हणतोय ते! आणि बंद काळात घरी घोटे, खांदे आणि पोटाचा व्यायाम चालू ठेवा.

[२८:२०] जाता जाता

पुढच्या उन्हाळ्यात मी गावी गेलो, मामाला तलावातलं पोहून दाखवलं. मामा म्हणाला, "चांगलंय. पण खाली मुंडी घालून जाशील कुठं? समोरचं दिसतंय का?"

मामाचं खरं होतं. जायकवाडीच्या नाथसागरासारख्या उघड्या पाण्यात तळाला काळी रेघ नसते. तिथं दर काही हातांनी मान वर काढून दिशा बघावीच लागते, दमलो तर उभ्यानं तरंगावं लागतं. ते मला विहिरीनंच शिकवलं होतं. त्यामुळे विहिरीतलं पोहणं टाकून देऊ नका. ते जीव वाचवायचं पोहणं आहे, हे अंतर कापायचं. दोन्ही हवीत.

मात्र एक शब्द द्या. विहिरीत दहा हात जमतात म्हणून धरणात, हर्सूलच्या तलावात किंवा पावसाळ्यातल्या नदीत उतरणार नाही. तिथं काठ हाताशी नसतो, तळ कळत नाही, आणि जो दमतो त्याला धरायला लेनची दोरी नसते. माझी धाप निघाली ती तलावात, दोरीच्या जवळ, म्हणून आज ती गोष्ट हसत सांगतोय.

तर या आठवड्याचं काम: रोज तीस बुडबुडे, दहा वेळा ढकल-सरक, आणि २५ मीटरला किती हात लागतात तो आकडा. तो आकडा व्हॉइस नोटमध्ये पाठवा, लाजू नका. माझा पहिला आकडा ३४ होता!

भेटू पुढच्या भागात. तोवर श्वास सोडत राहा.